‘खेलो इंडिया’च्या चाचण्या होमस्कूलिंगमध्ये : जूनपासूनचा अनुभव

होमस्कूलिंग करणाऱ्या घरात शारीरिक शिक्षणाला ना पुस्तक असते ना परीक्षा, त्यामुळे वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. ते टाळण्यासाठी जूनपासून आम्ही ‘खेलो इंडिया’च्या शारीरिक क्षमता चाचण्या घरीच घेत आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सात.

५ ते ८ या वयोगटाला उंची-वजनाखेरीज दोनच चाचण्या आहेत : एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांना आलटूनपालटून हात लावणे. दुसऱ्या चाचणीत एक हात मध्ये टेकवून दुसऱ्या हाताने २५ फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. आम्ही जेवणाच्या टेबलावर डब्यांची दोन झाकणे चिकटपट्टीने बसवली; खालच्या मजल्यावरून विचारणा होईपर्यंत ती उत्तम चालली, मग झाकणांच्या जागी पुठ्ठे आले. मोठ्या गटाला ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, लवचीकता, पोटाचे व्यायाम आणि जोर आहेत. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर टेपने अंतर मोजून खडूने खुणा केल्या की बाकी साहित्य घरातच सापडते. पावसाळ्यात मात्र ६०० मीटरची धाव निकालात निघते.

मोजमाप म्हणून या चाचण्या चोख आहेत, परंतु त्यांनाच अभ्यासक्रम समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायामही हवा. त्यासाठी आम्ही सकाळी सूर्यनमस्कार आणि गणित-भाषेच्या मध्ये पार्किंगमध्ये दोरीवरच्या उड्या ठेवल्या. खरी अडचण लंगडी आणि खो-खोची, कारण या खेळांना गडी लागतात आणि ते शाळेतून परतल्याशिवाय मिळत नाहीत. वेळेच्या ज्या स्वातंत्र्यासाठी आपण शाळा सोडतो, ते इथे उपयोगाचे नाही. संध्याकाळ इतर मुलांच्या सोयीने मोकळी ठेवावीच लागते, आणि त्यासाठी आम्ही चित्रकला दुपारी आणली.

चाचण्या तीन महिन्यांतून एकदा पुरेत. दर आठवड्याला घेतल्यास मुले खेळ सोडून घड्याळाकडे पाहू लागतात. भावंडांचे आकडे एकाच वहीत लिहू नयेत, हे आवर्जून सांगेन. धाकट्याच्या गटात ६०० मीटर नाही, तरी तो ताईमागून पळतोच. त्याची वेळ आम्ही लावत नाही.