एकच रात्र असेल तर लपाछपी बघायचा की तुंबाड?

परवा मावसबहिणीचा फोन आला, म्हणाली शनिवारी रात्री घरात मी एकटी आहे, मुलं आजीकडे जाणारेत, एकच हॉरर पिक्चर सांग पण मला खरंच भीती वाटली पाहिजे. मी काही विचार न करता तुंबाड म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिलं, कारण तिने भीती मागितली होती आणि मी तिला मला आवडलेला सगळ्यात देखणा पिक्चर सांगितला. मग रात्रभर डोक्यात तुलना चालू राहिली, ती इथे नीट लिहून काढतेय. शेवट कुठलाच सांगत नाही, पण सुरुवातीच्या थोड्या गोष्टी सांगाव्या लागतील.

लपाछपी आला 2017 मध्ये, मराठी, दिग्दर्शक विशाल फुरिया. तुंबाड 2018 चा, हिंदी, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. दोन्ही आपल्याच मातीतले, पण एकाला ऊस आहे आणि दुसऱ्याला पाऊस, आणि माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

लपाछपीची गोष्ट अगदी साधी सुरू होते. नेहा म्हणजे पूजा सावंत, आठवा महिना लागलेला, नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, पैसेवाले मागे लागलेत, म्हणून ते ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरात जाऊन राहतात. घराच्या चारी बाजूंना ऊस. बस, एवढंच. आता ज्याने ऊस फक्त रसाच्या गाड्यावर बघितलाय त्याला यात काय घाबरायचं असं वाटेल, पण मी सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातली आहे, लहानपणी शेतीची लाईट रात्रीची असायची तेव्हा वडिलांबरोबर उसाला पाणी पाजायला गेलेय. मी बांधावर बॅटरी धरून उभी आणि ते आत सरीत, आणि वारा नसला तरी ऊस गप्प बसत नाही, पाचट आपोआप कुरकुरतं, पानाला पान घासतं, कोणीतरी दबकत चालल्यासारखं. पाचेक मिनिटं वडिलांची हाक आली नाही की पोटात गोळा यायचा. दिवसासुद्धा दोन सऱ्या आत गेलात की दिशा कळत नाही, वर फक्त आभाळाची एक पट्टी दिसते आणि पानांच्या कडांनी हात सगळे ओरबाडून निघतात. लपाछपीने हेच पकडलंय. नेहा उसात धावते आणि वाट सापडतच नाही, आणि तेसुद्धा लख्ख उन्हात. आपल्याकडच्या हॉररला रात्र, वीज, कडकडाट याशिवाय जमतच नाही असं मला वाटायचं, ह्या पिक्चरने भर दुपारी घाबरवलं.

आणि उषा नाईक. त्या तुळसाबाई झाल्यात, ड्रायव्हरची बायको, त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. लाल डोळे नाहीत, मोकळे केस नाहीत, किंचाळणं नाही. गावाकडची कुठलीही बाई पोटुशी पोरीशी जशी मायेनं वागेल तशी वागतात आणि हळूहळू त्या मायेचीच धास्ती वाटायला लागते. आमच्याकडे अशा बायका घरोघरी आहेत, हे खा, ते खाऊ नको, तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको, म्हणून ते जास्त बोचतं.

आता उणी बाजू. मध्यंतरानंतर पिक्चर स्वतःवरचा विश्वास घालवतो असं मला वाटतं. मागे काय घडलं ते आपल्याला दाखवतात, परत दाखवतात, मग कोणीतरी बोलून सांगतं. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, इतका आपला आणि इतका जळजळीत आहे की एकदा दाखवलं तरी छातीत कळ येते, तो समजावून सांगायची गरजच नव्हती. नवऱ्याचं पात्र कच्चं लिहिलंय. आणि काही ठिकाणी दचकवण्यासाठी म्हणून जो धाडकन आवाज टाकलाय तो मला अजिबात आवडला नाही, एवढी भारी शांतता हातात असताना ढोल कशाला बडवायचा?

तुंबाडला हा प्रॉब्लेम नाही. तिथे दचकवणं फार थोडं आहे. गोष्ट 1918 ला सुरू होते, कोकणातलं गाव, सतत कोसळणारा पाऊस, एका घरात आई, दोन मुलं आणि आत साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी. तिला वेळेवर खायला घालायचं आणि ती जागी झाली तर हस्तर नावाच्या हावरट शापित देवाचं नाव घेऊन झोपवायचं, एवढा एकच नियम पोरांना माहीत. एका रात्री आई घरात नसते आणि ते जेवण थोरल्या पोराला, विनायकला घेऊन जावं लागतं. तो सगळा भाग मी तीनदा बघितलाय आणि तीनही वेळा माझे पाय आपोआप सोफ्यावर आलेत. पोराच्या हातात जेवण, अंधार, दिव्याचा तेवढाच उजेड, आणि आपल्याला म्हातारी नीट दिसतसुद्धा नाही. नुसत्या ह्या पहिल्या भागावर मार्क द्यायचे असते तर मी लपाछपीपेक्षाही वर ठेवला असता.

पण तो भाग संपतो आणि विनायक मोठा होतो, म्हणजे सोहम शाह, आणि पिक्चर भीतीकडून हावेकडे वळतो. ही काही चूक नाही, त्यांना तीच गोष्ट सांगायची होती. 1933, मग 1947, पुण्याचं घर, सावकारी, मोहरा, विहिरीसारख्या त्या लालभडक खोलीत दोरावरून उतरणं, भोवती पिठाचं रिंगण, हातात पिठाची बाहुली. कसलं दिसतं ते! अनेक वर्षं लागली हा पिक्चर बनवायला, पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यापावसाळ्यात शूटिंग केलं, आणि ते पडद्यावर कळतं, भिंतींचं शेवाळ, भिजलेलं धोतर, चिखल, सगळं अंगाला चिकटतं. पण एकदा हस्तरचे नियम कळले, काय केलं की तो येतो आणि काय केलं की वाचता येतं, की मग आपण घाबरत नाही, आपण हिशोब करतो, आता किती वेळ उरला, किती मोहरा मिळाल्या. आणि हस्तर पूर्ण दिसायला लागल्यावर माझी भीती निम्म्यावर आली. माझी आणखी एक कायमची तक्रार म्हणजे बायकांची पात्रं, आईचा सुरुवातीचा भाग सोडला तर घरातल्या बायकांना करायला फार कमी ठेवलंय. आणि वाड्यातली ही ब्राह्मण कुटुंबातली माणसं एकमेकांशी हिंदीत बोलतात, पहिली दहा मिनिटं कानाला खटकतं, नंतर सवय होते पण मराठीत असता तर काय झाला असता हा विचार काही जात नाही. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आणि श्री. ना. पेंडशांच्या तुंबाडचे खोत या कादंबरीवरून घेतलेलं गावाचं नाव, एवढं सगळं आपलं असताना.

मग भीती कशात जास्त? माझं मोजमाप सोपं आहे, पिक्चर संपल्यावर लाईट घालवून पाणी प्यायला किचनमध्ये जाता येतं का. तुंबाडनंतर मी गेले, डोळ्यासमोर चित्रं होती, सुंदर आणि भयानक, पण ती लांब होती, शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यातली. लपाछपीनंतर मला बाल्कनीतल्या झाडाच्या पानांचा आवाज सहन होईना, उठून दार लावलं. पिक्चर म्हणून तुंबाड जास्त चांगला आहे, यात मला शंका नाही, भीती म्हणून लपाछपी.

कशावर बघणार तेही विचारात घ्या. तुंबाड मोबाईलवर बघू नका, कृपा करून. अंधारातले बारकावे सगळे जातात आणि अर्धी मेहनत वाया जाते. सप्टेंबर 2024 मध्ये थिएटरला परत लावला होता तेव्हा ज्यांनी बघितला ते नशीबवान, त्या वेळी 2018 च्या पहिल्या रिलीजपेक्षा जास्त कमाई झाली आणि मला ते फार बरं वाटलं. लपाछपीला मोठा पडदा नसला तरी चालतो, लॅपटॉप आणि बरे हेडफोन पुरेत, कारण तो डोळ्यांपेक्षा कानाने जास्त घाबरवतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. घरात कोणी गरोदर असेल किंवा कोणाचं मूल गेलेलं असेल तर लपाछपी त्यांच्यासमोर लावू नका. माझ्या मैत्रिणीने सातव्या महिन्यात बघायला घेतला, मध्येच बंद केला आणि दोन दिवस नीट झोपली नाही, मला आधी माहीत असतं तर मी तिला अडवलं असतं. लहान मुलांना तर दोन्ही नकोतच.

मराठीची अडचण असेल तर लपाछपीचा हिंदी रिमेक आहे, छोरी, 2021 चा, दिग्दर्शक तेच, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ आहेत. दिसायला जास्त चकचकीत, मीता वशिष्ठ उत्तम, पण तोच ऊस मला तिथे सेटसारखा वाटला आणि बोलण्यातला आपलेपणा गेला. दोन्ही बघायचे असतील तर मध्ये निदान महिनाभर जाऊ द्या, लागोपाठ बघितलेत तर दुसऱ्यात काही उरत नाही.

हे दोन्ही नकोच असतील, म्हणजे शेत नको, वाडा नको, तर 2003 चा भूत बघा, रामगोपाल वर्माचा. मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन, आणि ज्या घरात आधी मृत्यू झालाय हे नवऱ्याला माहीत असून तो बायकोला सांगत नाही, मला तर भुतापेक्षा हे जास्त भयानक वाटलेलं. एकही गाणं नाही पिक्चरमध्ये, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. ऊर्मिला मातोंडकरने जे काम केलंय त्यासाठी एकदा तरी बघायलाच हवा. पण शेवटाकडे मांत्रिक बाई येतात आणि मग सगळं ठरल्या वाटेने जातं, आपल्या हॉररचं हे जुनं दुखणं आहे, अर्धा पिक्चर भूत कोणाचं ते कळू देत नाहीत आणि मग उरलेल्या अर्ध्यात त्याची पूर्ण जन्मकहाणी ऐकवतात, आणि ज्याचं दुःख कळलं त्याला घाबरायचं कसं?

आणि घरची सगळी मंडळी एकत्र बसणार असाल तर मुंज्या, 2024 चा, आदित्य सरपोतदारचा. मुंज झालेला मुलगा सोडमुंज व्हायच्या आत गेला तर मुंजा होऊन पिंपळावर बसतो, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेलीच असते, म्हणून मजा येते, सुहास जोशी आणि मोना सिंग छान आहेत. पण मुंज्या कॉम्प्युटरवर बनवलाय आणि तो इतका दिसतो, इतका बोलतो की भीती पहिल्या अर्ध्या तासात संपते. त्याला हसण्याचा पिक्चर समजून बघितलंत तर पैसे वसूल.

तर मावसबहिणीला मी परत फोन केला. म्हटलं तुला भीतीच हवीय ना, मग लपाछपी बघ, दहाच्या आत लाव, हेडफोन घाल, आणि मागची गोष्ट परत परत दाखवल्यामुळे उत्तरार्धात कंटाळा आला तरी बंद करू नकोस, उषा नाईकांसाठी शेवटपर्यंत थांब. तुंबाड आत्ता नको, तो जुलैसाठी ठेव, बाहेर धो धो पाऊस चालू असेल अशा रात्री टीव्हीवर लाव, खिडकी उघडी ठेवून.