ठाण्याहून लोकलने समुद्र: उरण, वसई की केळवे?

ठाण्याला खाडी आहे, समुद्र नाही. त्यामुळे घरी पाहुणे आले की रविवारी प्रश्न ठरलेला: सकाळी लोकलने निघून रात्री जेवायला घरी पोहोचू असा किनारा कोणता? जुहू-गिरगाव मी धरतच नाही, तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त.

जायला सगळ्यात सोपं उरण. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून नेरुळची गाडी, तिथे एकदा बदलायची की झालं. ही लाइन २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये थेट उरणला पोहोचली. दादरची रेटारेटी नाही, खिडकी मिळते, बाहेर तिवरं आणि खाजणं. पण गाड्या विरळ. एक चुकली की नेरुळला फलाटावर शेंगा खात बसा. पुढे पीरवाडीच्या किनाऱ्याला रिक्षा करावी लागते. किनारा बराच खडकाळ. म्हाताऱ्या माणसांना घेऊन सूर्यास्त पाहायला उत्तम, पोरांना डुंबायला नाही.

वसईला समुद्रासाठी जाऊ नये, किल्ल्यासाठी जावं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला नीट पाहायचा तर अर्धा दिवस जातो; पडक्या चर्चच्या कमानींखालून हिंडताना वेळ कळत नाही. उतरत्या उन्हात सुरूच्या बागेच्या किनाऱ्याकडे वळायचं, ते बोनस. दादरला गाडी बदलायची नसेल, तर घोडबंदरमार्गे बसने बोरिवली गाठा आणि तिथून विरारकडची लोकल धरा. दिव्याहून वसईला थेट मेमू आहे, पण फेऱ्या मोजक्या. वेळ पाहूनच निघा.

मला विचाराल तर केळवे. लांब पडतं, खरं आहे. दादरहून डहाणू लोकलने दोन तास धरा, केळवे रोडला उतरून आणखी सात-आठ किलोमीटर शेअर रिक्षा. पण वाटेत पानाचे मळे लागतात, शीतलादेवीचं देऊळ आहे आणि सुरूच्या सावलीत चटई टाकून डबा उघडला की कुणी उठवायला येत नाही. वाळू सपाट, लांबलचक. पोरं दिवसभर घरी चला म्हणत नाहीत. फक्त परतीच्या लोकलला रविवारी संध्याकाळी उभं राहायची तयारी ठेवा. पाय दुखत असतील तर केळवे नकोच, सरळ उरणला जा. पावसाळ्यात मात्र तिन्हीकडे पाण्यात पाय टाकू नका.

निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रविवारी लोकल बंद ठेवतात ते. दुसरी, तिथी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे चारनंतर पोचलात तर पाणी गाठायला बरंच चालावं लागेल.