कूलर बसवला, पण जोडलाच नाही: 34,000 रुपयांचा चुना

बोटीचा ट्रेलर ओढणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर बसवून घेतला. प्लेटवाला कूलर 14,500, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) 10 लिटर 12,500, होज-क्लॅम्प 2,800, मजुरी 4,200. एकूण 34,000, तेही रोख. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, गाडी हवी होती, म्हणून घेतली तशीच.

कूलर एसीच्या कंडेन्सरसमोर झोकात दिसतो. त्याचे दोन्ही होज खाली इंजिन गार्डमागे जातात आणि तिथे टोकांत बोल्ट ठोकून बंद! गिअरबॉक्सची मूळ लाइन तशीच शाबूत. गार्ड उघडून कोण बघतं?

पण जे उघड्यावर होतं तेही दिसलं नाही, हे जास्त सलतं. नवा कूलर आणि होज भरायला जादा तेल लागतंच. इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर पातळी पुन्हा बघावी लागते. मेस्त्रीने गाडी सुरूही न करता चावी हातात दिली. लिटरचे रिकामे डबे कोपऱ्यात चारच. म्हणजे पॅनमधून निघालं तेवढंच बदललं, टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) जुनं आतच. डबे मोजून घ्या, सोबत घेऊन या.

गोव्याहून कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड घाटात ट्रकांमागे रखडत चढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे थेट न जुळता तेलातूनच जोर देत राहतो, तिथेच तेल तापतं. वर पोचल्यावरही कूलर थंडगार! मेस्त्री म्हणतो, ‘पात्रांव (शेठ), थर्मोस्टॅट आहे, तापल्याशिवाय उघडत नाही.’ काही गाड्यांत असतो खरा, म्हणून पटलं. शेवटी तेल जळून काळं, क्लच प्लेटा गेल्या. भुर्दंड 1,18,000.

कूलर परतीच्या लाइनवर हवा, रेडिएटरमधून तेल बाहेर पडल्यानंतर. होज एटीएफ कूलरचाच मागा. पेट्रोलचा होज गरम तेलाने कडक होतो, क्लॅम्पपाशी गळतो. जोडणीचे फोटो गार्ड लावण्याआधी.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. वाहतूक खात्यात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं, चौथ्यावर तज्ज्ञाचा दाखला, आणि दाखला देणारा दुसरा मेस्त्री म्हणतो, धंदेवाल्याविरुद्ध सही नको. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. एवढं कळायलाच चार खेपा. पुरावा म्हणून कूलर काढू नका, पंचनामा होऊ दे, असा सल्ला मिळाला. पंचनाम्याला कोण येणार, ते कोणीच सांगत नाही. कूलर अजून तिथेच लटकतोय.