किरणोपचार चालू असतानाही तोंडाने जेवता आले: लेझर उपचाराचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आतली गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर मला 30 दिवस किरणोपचार, ज्याला आमच्याकडे सगळे नुसते ‘लाईट’ म्हणतात, आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध असे सहा आठवड्यांचे उपचार ठरले. मी लग्नाआधीपासून मिश्री लावत होते. आजी लावायची, आई लावायची, आणि घरात कोणालाही ते तंबाखूचे व्यसन वाटले नाही. ज्या बायका अजून लावतात त्यांनी हे वाचावे, म्हणून मुद्दाम लिहिते.

मला खरी धास्ती होती ती तोंड येण्याची. माझ्या धाकट्या दिरांना अशाच उपचारांत तिसऱ्या आठवड्यात तोंडभर जखमा झाल्या, पाण्याचा घोटही गिळवेना, नाकातून नळी घालावी लागली आणि लाईट आठ दिवस थांबवावी लागली. असा खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते, म्हणून डॉक्टर तो शक्यतो पडू देत नाहीत.

असे तोंड येऊ नये म्हणून मला लाईटच्या दिवसांत तोंडात लेझरचा प्रकाश देत. या लेझरने काही कापले किंवा जाळले जात नाही. किरणोपचारामुळे तोंडाच्या अस्तरातील भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात आणि जखमा होतात. कमी शक्तीचा तांबडा किंवा अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, शोषून घेतात, त्यातून पेशीला ऊर्जा मिळते आणि दाह कमी होतो. बुडापेस्टमध्ये 1967 साली एन्द्रे मेस्टर यांना अशा प्रकाशाने उंदरांचे भादरलेले केस लवकर वाढताना दिसले, तेथून या विद्येची सुरुवात झाली. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या किरणोपचारात तोंड येऊ नये म्हणून हा उपचार द्यावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

सोमवार ते शुक्रवार, लाईटच्या आधी, माझ्या आणि तंत्रज्ञ ताईंच्या डोळ्यांवर गडद चष्मा चढवून त्या पेनासारखी कांडी ओठांच्या आतून, गालांना, जिभेच्या कडांना, जिभेखाली आणि मऊ टाळूला एकेका जागी काही सेकंद धरत. वेदना अजिबात नाही, फार तर किंचित ऊब. अवघड होते ते तोंड उघडे ठेवणे, कारण शस्त्रक्रियेनंतर माझे तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते आणि कांडी डाव्या बाजूला अगदी मागपर्यंत पोहोचत नव्हती. पुढे सर्वांत मोठी जखम नेमकी तिथेच झाली. चौथ्या आठवड्यात लेझरचे यंत्र तीन दिवस बंद होते. आम्हाला आधी कोणी कळवले नाही, आणि रोज गगनबावड्याहून येणाऱ्या एका आजोबांनाही तसेच परत जावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल झाले, पाचव्यात दोन जखमा झाल्या आणि तिखटाचा कणही सोसेना. तरीही गार केलेली ज्वारीची आंबील, मऊ भात, दूध आणि कुस्करलेले केळे मी शेवटपर्यंत तोंडाने घेतले. वजन चार किलोने उतरले, पण नळी लागली नाही आणि लाईटमध्ये एकाही दिवसाचा खंड पडला नाही. याचे सगळे श्रेय मी लेझरला देत नाही, कारण मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि मऊ ब्रश मी एक दिवसही चुकवला नव्हता. चव जाणे, तोंड कोरडे पडणे, लाळ चिकट होणे आणि मानेची कातडी काळवंडणे यांवर मात्र मला लेझरचा काहीच उपयोग जाणवला नाही.

लाईट सुरू होण्यापूर्वीच याविषयी विचारावे, कारण जखमा होऊ नयेत म्हणून हा उपचार पहिल्या दिवसापासूनच घ्यावा लागतो. मलाही तो शेजारच्या खाटेवरच्या बाईंमुळे कळला. माझी गाठ आधीच काढलेली होती. ज्यांची गाठ अजून तोंडात आहे त्यांनी प्रकाश कोठे द्यायचा आणि कोठे टाळायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे.

आता आठ महिने झाले. पाण्याची बाटली सतत जवळ लागते, रात्रीही दोनदा उठून घोट घ्यावा लागतो. गेल्या रविवारी सुनेने मिरी न घालता केलेल्या पांढऱ्या रश्शात भाकरी चुरून खाल्ली. तांबडा रस्सा अजून सोसत नाही.