विक्रीपूर्व घरतपासणी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घर विकायचे ठरल्यावर ते बाजारात मांडण्याआधी आम्ही एका स्वतंत्र तपासनीसाकडून त्याची पूर्ण तपासणी करून घेतली आणि त्या अहवालाची प्रत, घर पाहायला येऊन ज्यांनी खरोखर रस दाखवला अशा प्रत्येकाच्या हाती दिली. जाहिरात दिल्यापासून व्यवहाराची नोंदणी होईपर्यंत कित्येक महिने ही पद्धत आम्ही वापरली. तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण घर विकताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका एकाच गोष्टीतून उपजतात असे माझे मत आता पक्के झाले आहे. मालक अनेक वर्षे त्या घरात राहिलेला असतो आणि त्यामुळेच ग्राहकाला पहिल्या भेटीत जे दिसते, ते त्याला दिसेनासे झालेले असते.

तपासणी म्हणजे नेमके काय, हे आधी सांगतो. तपासनीस छपरापासून सुरुवात करतो, पाणी कुठे साचते आणि कुठून उतरते ते पाहतो, मग भिंती, खिडक्यांच्या चौकटी, नळ, निचरा, विजेची वायरिंग आणि लाकूडकाम असा क्रम लावतो. आमच्या बाथरूममध्ये त्याने प्रत्येक टाइलवर बोटाच्या सांध्याने ठोकून पाहिले. ज्या टाइलखालचे सिमेंट सुटले होते तिथे आवाज पोकळ येत होता. त्यानंतर त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, खोलीच्या आतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याने ओल मोजण्याच्या यंत्राच्या दोन टोकदार पिना टेकवल्या. हे यंत्र पिनांमधल्या भागाचा विद्युतरोध मोजते, आणि भिंत ओली असेल तर रोध कमी होऊन आकडा वर जातो. तिथे रंगाला ना डाग होता, ना पोपडा, तरी आकडा बाकीच्या भिंतीच्या मानाने स्पष्टपणे जास्त आला. भिंतीत क्षार साठलेले असतील किंवा आत लोखंड असेल तर हे यंत्र फसवे आकडे देऊ शकते, म्हणून त्याने लगेच निष्कर्ष काढला नाही. आसपास अनेक ठिकाणी मोजून ओलीची हद्द त्याने पेन्सिलीने आखली, आणि ती बरोबर त्या पोकळ टाइलांच्या मागे निघाली.

भेगांच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. गिलावा वाळताना पडणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया खचत असल्याचे लक्षण असू शकते. आमच्याकडच्या एका भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवायला त्याने सांगितले. पुढच्या काही महिन्यांत भेग त्या खुणांपलीकडे गेली नाही. ‘ही भेग जुनी आहे’ असे तोंडी सांगण्यापेक्षा त्या तारखेने ग्राहकांचे अधिक समाधान केले.

अहवाल हातात आल्यावर खरा निर्णय असतो तो काय दुरुस्त करायचे आणि काय नुसते सांगून टाकायचे याचा. विकण्याआधी स्वयंपाकघर नव्याने करणे, महागडी फरशी बसवणे, सजावटीवर खर्च करणे हा मोह फार मोठा असतो, आणि माझ्या मते तो टाळावा. नव्या मालकाची आवड वेगळी असते आणि तो त्या कामाचे पूर्ण मोल देत नाही. याउलट गळका नळ, अडकणारे दार किंवा तुटलेली कडी तशीच ठेवली तर ग्राहकाला साहजिकच वाटते की न दिसणाऱ्या गोष्टींचीही अशीच हेळसांड झाली असेल. आम्ही बाथरूमची गळती मुळातून दुरुस्त केली, भिंत पूर्ण वाळू दिली आणि मगच रंग लावला. ओलीवरच रंग चढवणे ही फार घातक चूक आहे. काही काळात फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मालकाने दोष जाणूनबुजून झाकला असा त्याचा अर्थ होतो. जाणूनबुजून लपवलेला दोष व्यवहार पूर्ण झाल्यावरही विक्रेत्याला कायद्याच्या कचाट्यात आणू शकतो. ज्या कामांना हात घातला नाही ती सगळी आम्ही यादीत स्वच्छ लिहिली.

दोष स्वतःहून सांगितले तर ग्राहक पळून जाईल, असे आम्हाला अनेकांनी बजावले होते. अनुभव निराळा आला. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की वस्तूचे खरे रूप फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असते तेव्हा घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरूनच किंमत लावतो, आणि चांगल्या वस्तूच्या मालकालाही त्याची झळ बसते. घराच्या बाबतीत हे तंतोतंत पटते. एका जोडप्याने अहवाल वाचला आणि उठून थेट त्या बाथरूममागच्या भिंतीपाशी जाऊन तिच्यावर तळहात ठेवला. मग दुरुस्तीची बिले पाहिली, तपासनीसाला स्वतः फोन केला आणि बाकीच्या अहवालावर फारशी घासाघीस न करता बोलणी पुढे नेली. एरवी इसार दिल्यानंतर ग्राहकाच्या तपासणीत असे काही निघाले असते, तर किमतीची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती, आणि तेव्हा दबाव आमच्यावर असता.

किमतीच्या बाबतीत या पद्धतीचा उपयोग माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त झाला. आपल्या मालकीच्या वस्तूला माणूस इतरांपेक्षा जास्त मोल लावतो, हे रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये मांडले होते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बॉस्टनमधल्या घरांच्या व्यवहारांवर 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळण्याची वेळ आलेले मालक इतरांपेक्षा जास्त किंमत सांगतात आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहतात. आपण काय दिले होते, घरावर किती खर्च केला, पुढच्या घरासाठी किती रक्कम हवी आहे, यांपैकी कशाशीही ग्राहकाला कर्तव्य नसते. जवळपास नुकत्याच विकल्या गेलेल्या आणि क्षेत्रफळ, वय व स्थिती यांत तुलना होऊ शकेल अशा घरांच्या प्रत्यक्ष व्यवहाराच्या किमती घ्याव्यात. जाहिरातीतल्या किमती घेऊ नयेत, कारण त्या केवळ मालकांच्या अपेक्षा असतात. अहवालामुळे ही तुलना प्रामाणिक झाली, कारण आमच्या घराची स्थिती आता भावनेवर अवलंबून राहिली नव्हती.

नवी जाहिरात लागते तेव्हा आधीपासून शोधात असलेले सगळे ग्राहक ती एकदम पाहतात, म्हणून सुरुवातीचे आठवडे सर्वांत मोलाचे असतात. ‘जास्त सांगू, मग कमी करता येईल’ या विचाराने ते वाया जातात, आणि नंतर किंमत उतरवली की घरात काही खोट असावी अशी शंका येते.

मध्यस्थाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या व्यवहारांवर 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सरासरी सुमारे 9.5 दिवस जास्त थांबतात आणि सुमारे 3.7 टक्के जास्त किंमत मिळवतात. यात एजंटाची अप्रामाणिकता शोधू नये. वाढीव किमतीतला त्याचा वाटा इतका लहान असतो की थांबण्यात त्याला फारसा लाभ नसतो. म्हणून ‘आलेली मागणी स्वीकारून टाका’ या सल्ल्यावर निर्णय घेताना स्वतःचे आकडे समोर असावेत. तसेच सर्वांत जास्त किंमत सांगणाऱ्या एजंटाला केवळ त्या आकड्यासाठी निवडू नये, कारण काम मिळवण्यासाठीही मोठा आकडा सांगितला जातो.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, पडदे उघडून, पसारा आवरून काढावीत. फार रुंद लेन्सने खोली दुप्पट भासते आणि प्रत्यक्ष भेटीत ग्राहकाचा विरस होतो. कागदपत्रांसाठी एक वेगळी फाइल पहिल्याच दिवशी तयार असावी : मालकी हक्काची साखळी, मंजूर नकाशा, कर भरल्याच्या पावत्या आणि घरावर कर्ज असेल तर बाकी रकमेचे बँकेचे पत्र. सहमालकांची लेखी संमती शेवटपर्यंत लांबणीवर टाकली जाते आणि तिथेच ठरलेले व्यवहार अडतात, म्हणून ती मी सर्वांत आधी घ्यायला सांगेन.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तपासनीस भिंती फोडत नाही, त्यामुळे आत दडलेले नळ आणि वायरी त्याला पूर्ण दिसत नाहीत. उष्णतेचा कॅमेरा वापरला तरी तो पृष्ठभागावरच्या तापमानाचा फरक दाखवतो, पाणी दाखवत नाही. कोरड्या दिवसांत केलेल्या तपासणीत छपराची गळती निसटू शकते. खर्च आपल्याला करावा लागतो आणि काही ग्राहक स्वतःचा तपासनीस आणतातच, जे योग्यही आहे. घर पाडून नवे बांधण्यासाठीच जमीन घेतली जात असेल, तर या तपासणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

विक्री लांबली तर अहवाल शिळा होतो, याची नोंद ही पद्धत वापरणाऱ्यांनी घ्यावी. आमच्याकडे मधल्या काळात जोराचा पाऊस होऊन गेला, तेव्हा आम्ही त्याच तपासनीसाला बोलावून फक्त छप्पर आणि ती एक भिंत पुन्हा मोजून घेतली, नव्या तारखेचे एक पान मूळ अहवालाला जोडले आणि आधी प्रत नेलेल्या ग्राहकांनाही ते पान पाठवून दिले.