अडीच लाख किलोमीटर झालेली पिकअप: कंपनीचं वर्कशॉप की ओळखीचा मिस्त्री?

वॉरंटी कधीच संपली आहे, हप्ते फिटले आहेत, गाडी रोज पहाटे मार्केट यार्डात लागते आणि मीटरवर अडीच लाख दिसतायत. अशा पिकअपच्या मालकाला दर काही महिन्यांनी हाच प्रश्न पडतो. कंपनीच्या वर्कशॉपात लावून पूर्ण सर्व्हिस करून घ्यायची, की पुण्यातल्या धायरीच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेऊन ‘वाजतंय तेवढं बघ रे’ म्हणायचं?

बहुतेक जण बिल बघून ठरवतात. माझ्या मते काम बघून ठरवावं. गाडीतले काही भाग जाण्याआधी महिनाभर कुरकुरतात. काही सकाळी ठणठणीत असतात आणि दुपारी घाटात दगा देतात. कुरकुरणाऱ्या भागांना मिस्त्रीसारखा माणूस नाही. दगा देणारे भाग मात्र तारीख लिहून, अस्सल पार्ट घालून, चालू असतानाच बदलावे लागतात, आणि तिथे वर्कशॉपचं पारडं जड होतं.

ब्रेक

आपल्याकडे उतार आहेत, म्हणून आधी ब्रेक. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले ते पुणेकरांना सांगायला नको. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची, मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

आता ब्रेक ऑइलचं बघा. ते हवेतला ओलावा शोषत राहतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. आधी कसलाही आवाज नाही, वास नाही. बरेच मिस्त्री ऑइल कमी दिसलं की वरून भरतात आणि झाकण लावतात. वर्कशॉपच्या वेळापत्रकात ते ठरावीक मुदतीने, साधारण दोन वर्षांनी, पूर्ण काढून नवं भरायचं असतं. हे काम मिस्त्रीलाही जमतं, फक्त तुम्ही सांगितल्याशिवाय तो करणार नाही.

पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप हा असाच विसरलेला भाग. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याची रबरी नळी चिरली किंवा सील गेलं की पेडल दगडासारखं कडक होतं. उतारावर इंजिन बंद केल्यावरही तेच होतं, दोन-चार वेळा पेडल दाबलं की बूस्टर रिकामा. मागच्या चाकांचे ड्रम मात्र उघडूनच बघावे लागतात. आतला, ब्रेक शू ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरत असला तर बाहेरून फार उशिरा कळतं. इथे वर्कशॉपवरही आंधळा विश्वास नको. चेकलिस्टवर टिकमार्क करायला ड्रम उघडावा लागत नाही. ड्रम उतरवताना स्वतः उभं राहा.

काही पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलवर एक व्हॉल्व्ह असतो, लोड बघून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा. सस्पेन्शनला जास्तीचे पाटे घालून गाडीची उंची वाढवली की त्याचं गणित बिघडतं. ते पुन्हा जुळवायला मापं लागतात, अंदाज नाही. हे काम मी वर्कशॉपलाच देईन.

इंजिन गरम होणं

ओळखीच्या मिस्त्रीचं इथे माझ्याशी हमखास वाजतं. गाडी गरम होते म्हटलं की त्याचा पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणं. त्याने काटा खाली येतो हे खरं. पण इंजिन नेहमीच थंड चालायला लागतं, डिझेल नीट जळत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, झीज वाढते आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. ते कारण बहुतेक वेळा साधं असतं: रेडिएटर आतून चोंदलेला, फॅन बेल्ट ढिला, किंवा रेडिएटरचं झाकण मेलेलं. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट शंभर अंशांनाही उकळत नाही. स्प्रिंग थकली की खंबाटकी चढताना वाफा निघणारच. या झाकणाची किंमत हेड गॅस्केटच्या मजुरीपुढे काहीच नाही.

कूलंट कमी झालं तर नळाखाली बाटली धरू नका. खडकवासल्याचं पाणी त्यातल्या त्यात बरं, पण वाघोली-उंड्रीकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. होज पाइप दाबून बघा. बोटाला चिकट, फुगीर किंवा भेगाळलेला लागला तर बदला, फुटायची वाट बघू नका. बदलण्याचं काम मिस्त्री उत्तम करतो.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर चॅसी नंबर देऊन एकदा विचारून ठेवा. बेल्ट असेल तर त्याला किलोमीटरचीही मर्यादा असते आणि वर्षांचीही, जी आधी येईल ती. तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावंच लागतं. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. वर्कशॉपात करा, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही नवा घाला.

मिस्त्रीचं राज्य

पाट्यांचे बुश, शॅकल पिन, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, व्हील बेअरिंग, क्लच, सायलेन्सरचे हँगर. हे सगळे आधी बोलतात. क्रॉस गेला की गाडी जागेवरून उचलताना ‘टक’ येतो, बेअरिंग गेली की वेगाबरोबर घोंघावतं, क्लच घसरायला लागला की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र तिथेच. अनुभवी मिस्त्री एक चक्कर मारून सांगतो. वर्कशॉपात अनेकदा अख्खी असेंब्लीच बदलली जाते. मिस्त्री प्रेसवर फक्त बुश काढून नवा ठोकतो आणि बिल कितीतरी खाली येतं. गेल्या वर्षी कुठली बाजू उघडली होती तेही त्याच्या लक्षात असतं. वर्कशॉपात दर खेपेला सल्लागार नवा.

ग्रीसिंगही त्याच्याकडेच. पावसाळ्यानंतर एकदा प्रत्येक निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, सांध्यातून जुनं, चिखल झालेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायला लावा. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं ऑइल तो स्वतःहून बघत नाही, तेही सांगा.

एक अपवाद: टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट. हेही आधी वाजतात, पण सुटले तर स्टिअरिंग हातात आणि चाक भलतीकडे. बसवू दे मिस्त्रीला, पार्ट मात्र लोकल नको. नाना पेठेत तीन प्रकारचा माल मिळतो: वाहन कंपनीच्या डब्यातला, पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला, आणि बिननावाचा. मधला बऱ्याचदा सगळ्यात शहाणा पर्याय असतो. एसकेएफसारख्या बेअरिंग कंपनीचा कारखाना चिंचवडमध्येच आहे, तेव्हा बिननावाची बेअरिंग घालण्यात काय हशील? बिल मात्र घ्या.

डिझेलची बाजू

इथे खरं तर तिसराच माणूस लागतो, पंप-नोझलवाला. कॉमन रेल इंजेक्टर, म्हणजे प्रचंड दाबाने इंजिनात डिझेल फवारणारा भाग, ही मिस्त्रीने टेबलावर उघडायची वस्तू नाही, आणि वर्कशॉपात सरळ नवा घालायला सांगतात. टेस्ट बेंच असलेल्या डिझेल लॅबमध्ये आधी तपासून घ्या. नवा घातला तर बऱ्याच गाड्यांत त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, ते विचारूनच पैसे द्या. आपल्या हातात आहे ते म्हणजे डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि पावसाळ्यात त्याच्या खालचं पाणी सोडत राहणं. हे चुकलं की पुढचा सगळा खर्च त्यातूनच येतो.

इंजिन ऑइलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पुस्तकातला ग्रेड, आणि लोड घेऊन शहरात रखडत चालणाऱ्या गाडीला पुस्तकातल्या अंतरापेक्षा लवकर. कुठेही बदला, फक्त डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे.

बिल

तुमची फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरच्या कराचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो कर तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. प्रवासी कारला असलेलं बंधन इथे लागू होत नाही. म्हणजे वर्कशॉपचं महाग दिसणारं बिल तुलनेला घेताना आधी त्यातला कर वजा करा. सीएला एकदा विचारून घ्या, कारण ट्रान्सपोर्टच्या काही प्रकारांत हे बसत नाही. मिस्त्रीची चिठ्ठी इथे उपयोगाची नाही, आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवायलाही नाही.

आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, दरवर्षी करावा लागतो. वर्कशॉपची खेप त्याच्या महिनाभर आधी बांधा: ब्रेक, कूलंट, बेल्ट, स्टिअरिंग एकदम. बाकी वर्षभर मिस्त्री.

हे सगळं इंजिन आणि चॅसी धड असेल तरच. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. धूर भकाभका येत असेल, निळा धूर सायलेन्सरमधूनही दिसत असेल आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल भरावं लागत असेल, तर हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगपर्यंत इंजिन उघडायचं, काम समोर आहे. त्यात पाट्यांच्या हँगरपाशी चॅसी गंजून वेल्डिंगवर आली असेल, तर ब्रेक ऑइल कुठे बदलायचं हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि फिटनेसचे महिने शिल्लक असतानाच गिऱ्हाईक शोधा. फिटनेस संपलेल्या गाडीला भंगारवाल्याच्या वर कोणी बोलत नाही.