ते तीन सेकंद: यूएसबी स्विच आठ महिने वापरल्यावर

डेस्कटॉपचा प्लग भिंतीतून काढलेला आणि तरीही मदरबोर्डवरचा दिवा मंद जळतोय, असं दिसलं तर पॉवर सप्लाय उघडायच्या आधी यूएसबी स्विचची केबल उपसा. दिवा विझला की चोर सापडला. दोन कॉम्प्युटरना एक कीबोर्ड-माउस वाटून देणाऱ्या या डबीबद्दल आठ महिन्यांत माझं मत दोनदा बदललं, त्यातलं एकदा या दिव्यामुळे.

भानगड अशी. स्विचमध्ये दोन्ही कॉम्प्युटरकडून ५ व्होल्टची एकेक लाइन येते. नीट बनवलेल्या स्विचमध्ये प्रत्येक लाइनवर डायोड असतो, म्हणजे वीज आत येते पण उलटी जात नाही. स्वस्तातल्या डबीत दोन्ही लाइनी सरळ एकत्र जोडलेल्या असतात. मग चालू लॅपटॉपची वीज कीबोर्डला मिळते तशीच बंद डेस्कटॉपच्या पोर्टातही घुसते. पंखा क्षणभर हलून थांबतो, किंवा पॉवर बटण दाबूनही मशीन उठत नाही आणि केबल काढताच गुमान सुरू होतं.

तपासणी सोपी आहे. स्विच फक्त लॅपटॉपला जोडा. डेस्कटॉपकडे जाणाऱ्या केबलचं मोकळं टोक हातात घ्या. त्यात चार पट्ट्या दिसतात: मधल्या दोन आखूड त्या डेटाच्या, कडेच्या दोन लांब त्या विजेच्या. लांब पट्ट्यांवर मल्टिमीटर लावल्यावर ५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर स्विच उलटी वीज सोडतोय. आकडा अधिक चिन्हाने येतो तेव्हा लाल प्रोब ज्या पट्टीवर असेल ती ५ व्होल्टची. तेवढ्या एकाच पट्टीवर कॅप्टॉन टेपचा (वीज अडवणाऱ्या पातळ पट्टीचा) एक थर लावला की परतीची वाट बंद. साधी चिकटपट्टी नको, दोन-चारदा केबल काढ-घाल केली की सरकते आणि गोंद पोर्टात राहतो. किंमत एवढीच की आता स्विच फक्त लॅपटॉपच्या विजेवर चालतो; लॅपटॉप पूर्ण बंद असेल तर डेस्कटॉपलाही कीबोर्ड मिळत नाही. म्हणून जे मशीन जास्त वेळ चालू असतं त्याची केबल मोकळी ठेवा, दुसरीला टेप.

तरी खरा राग या विजेचा नाही. राग आहे तो तीन सेकंदांचा.

बटण दाबलं की कीबोर्ड दुसरीकडे ‘जातो’ असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एका कॉम्प्युटरवरून तो उपटला जातो आणि दुसऱ्याला नव्याने जोडला जातो. दुसरा कॉम्प्युटर जोडणी स्थिर होण्याची वाट बघतो, पोर्ट रीसेट करतो, कीबोर्डला पत्ता देतो, तू कोण म्हणून विचारतो आणि मग ड्रायव्हर लावतो. स्विचमध्ये हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा भाग) असेल तर आधी हबची ओळखपरेड, मग त्यामागच्या उपकरणांची. प्रोग्रॅमेबल कीबोर्ड तर स्वतःला एकाच वेळी तीन-चार उपकरणं म्हणून सादर करतो, त्यामुळे तो साध्यापेक्षा हळू उठतो. या सगळ्यात दोन ते तीन सेकंद जातात, आणि तेवढ्यात टाइप केलेली अक्षरं कुठेच पोचत नाहीत. दिवसाला ६० वेळा अदलाबदल धरली तरी हिशेब तीन मिनिटांचा, त्यावर कोण रडेल? पण पासवर्डची पहिली दोन अक्षरं गिळली जाणं आणि ‘चुकीचा पासवर्ड’ वाचणं ही वेगळीच शिक्षा आहे.

यावर उतारा म्हणजे एम्युलेशनवाला, म्हणजे कीबोर्डची नक्कल करणारा, केव्हीएम (कीबोर्ड, स्क्रीन आणि माउस वाटून देणारा स्विच). तो दोन्ही कॉम्प्युटरना कायम एक नकली कीबोर्ड दाखवत राहतो, त्यामुळे अदलाबदल तत्काळ होते. पण नकली कीबोर्ड बहुधा अगदी साधा असतो. माउसची बाजूची बटणं, आवाजाच्या कळा, सहाहून जास्त कळा एकदम दाबणं यातलं काहीतरी हमखास गायब होतं. मग तो माउस केव्हीएमवरच्या नक्कल न करणाऱ्या साध्या यूएसबी पोर्टात लावावा लागतो आणि तीन सेकंद परत हजर.

पाच महिन्यांनी नेटवर्कवरून कीबोर्ड-माउस वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो, ते खरं तर नाक मुरडतच. दोन्ही मशीन विंडोजच असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या संचातलं माउस विदाउट बॉर्डर्स पुरेसं आहे. चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं. एकाकडे लिनक्स किंवा मॅक असेल तर सिनर्जीच्या घराण्यातले बॅरियर, इनपुट लीप, डेस्कफ्लो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॅरियर घेऊ नये, त्याचं काम थांबलेलं आहे आणि वेलँडवर (लिनक्सच्या नव्या स्क्रीन-व्यवस्थेवर) ते चालत नाही. ज्या मशीनला कीबोर्ड जोडलाय ते सर्व्हर, दुसरं क्लायंट. सर्व्हरच्या मांडणीत क्लायंटचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं, निम्म्या तक्रारी तिथेच असतात. फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट २४८०० मोकळा करा. टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, चालू ठेवा, कारण तुमची प्रत्येक कळ नेटवर्कवरून जाते, पासवर्डसकट. पहिल्या जोडणीला दिसणारा फिंगरप्रिंट (मशीनची ओळख पटवणारी अक्षरांची रांग) दोन्हीकडे ताडून मगच होकार द्या.

वायफायवर माउस अडखळतो. कर्सर धावतो, थबकतो, उडी मारतो. वायफाय कार्डाची वीजबचत बंद केल्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. इथे मत दुसऱ्यांदा बदललं, कारण इलाज फुकटातला निघाला: अडगळीत पडलेली एक मीटरची इथरनेट केबल दोन मशीनमध्ये थेट लावली. अशा थेट जोडणीला पूर्वी लागणाऱ्या खास क्रॉसओव्हर केबलची गरज आता नसते. एकाला आयपी पत्ता १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) रिकामा. गेटवे भरलात तर इंटरनेट त्या केबलमधून जायचा प्रयत्न करेल आणि बंद पडेल. घरातला राउटर मात्र वेगळ्या पट्ट्यात हवा. त्याच्या पत्त्यातही तिसरा आकडा ५० असेल तर इथे ५१ घ्या. यानंतर माउस दुसऱ्या मशीनचा आहे हे विसरायला होतं.

देवनागरी टाइप करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. सर्व्हरवर इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट चालू ठेवून कर्सर क्लायंटवर नेला तर हे प्रोग्रॅम कळेऐवजी अक्षर पाठवतात, आणि क्लायंटच्या सध्याच्या लेआउटमध्ये ते अक्षर नसेल तर ते हवेत विरतं. सर्व्हर इंग्रजीवर ठेवा, मराठी लेआउट क्लायंटवर तिथल्या तिथे बदला.

बाकी किरकोळ. कर्सर चुकून पलीकडे पळत असेल तर २५० मिलिसेकंदांचा विलंब लावा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यांतून पलीकडे जाणं बंद करा. कर्सर एकाच स्क्रीनवर बांधून ठेवायला स्क्रोल लॉक. ती कळ नसलेल्या कीबोर्डवर सेटिंगमध्ये दुसरी कळ नेमावी लागते. विंडोज क्लायंटवर प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे विंडोजसोबतच) चालवला नाही तर परवानगी विचारणारी काळवंडलेली स्क्रीन आली की कर्सर ठार. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. ऑफिसचा व्हीपीएन सगळी वाहतूक स्वतःकडे ओढत असेल तर जोडणी तुटते. ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची मनाई असेल तर प्रश्नच मिटला, स्विच घ्या आणि तीन सेकंद सोसा.

म्हणून स्विच टाकून दिलेला नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) आणि डिस्कचा पासवर्ड विचारणाऱ्या स्क्रीनवर कुठलंही सॉफ्टवेअर पोचत नाही, तिथे तारच लागते. आता तो टेबलाखाली टेप लावून पडलाय आणि आठवड्यातून एखाद्या वेळी बटण दाबलं जातं. त्या वेळी मात्र मनात तीन मोजतो, मगच पासवर्ड टाइप करतो.